एका पाटीवर दोन गावं

सन एकोणीसशे छप्पन. मी तेवीस वर्षांचा होतो. माझं कुणी ऐकत नव्हतं आणि मीही कुणाचं ऐकत नव्हतो. त्या साली निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी मुलूख मुंबईकडे गेला, कानडी म्हैसूरकडे, आणि हैदराबाद तेलुगूवाल्यांची राजधानी झालं. गावाकडून थोरल्या भावानं निरोप धाडला, "आपला मुलूख मुंबईत गेला, तू तिथं कुणाच्या राज्यात बसलास? बदली घे अन् मुंबई गाठ." मी हैदराबादेत रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. तिथं साहेब लोकही विचारत होते, मुंबईकडच्या कारखान्यात जायची कुणाची मर्जी आहे का. मी कुणालाच जवाब दिला नाही. न पाहिलेल्या गावाला हो म्हणणं माझ्या स्वभावात नाही. नाही म्हणणं आहे, पण तेही मी घाईनं म्हणत नाही.

अशा वेळी सल्ला विचारायला माझ्यापाशी एकच माणूस होता, आणि सल्ला द्यायला तो अगदी नालायक होता. लिहायचं ते त्याच्याबद्दलच.

आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. कारखान्यात ते पेंटर. डब्याच्या अंगावर लावायच्या पाट्या, कुठून कुठं जाणार त्या गावांच्या, त्या सगळ्या त्यांच्या हातच्या. इंग्रजी, उर्दू, नागरी, सगळं लिहायचे. कानावर ब्रश खोचायची सवय होती, म्हणून एक कान कायम रंगलेला. कान पिवळा दिसला की समजायचं, आज पाट्यांचं काम आहे. काळा दिसला तर मालडब्यांचे नंबर. मालडब्यांच्या दिवशी त्यांच्याशी बोलू नये. "आकडे लिहिणं म्हणजे काही लिहिणं आहे का मियाँ? त्याला गाव नाही, शीव नाही."

मी चौथी शिकलो, तीही उर्दूतून. निजामाच्या वेळी तशीच शाळा होती. मराठी अक्षरं मला उस्तादांच्या पाट्यांनी शिकवली. डब्याखाली काम करून बाहेर यायचो आणि समोर नांदेड, पूर्णा, परभणी अशी रंगाची ओली गावं उभी असायची. त्यामुळे माझं अक्षर अजूनही पाटीएवढं येतं, कागदावर थोड्याच ओळी मावतात. इथं हैदराबादेत, आमच्या तारनाक्याच्या घरी नातू म्हणतो, "तात्या, पेपर वेस्ट होतो." त्याचं मराठी वाचन म्हणजे मालगाडी, प्रत्येक अक्षराला थांबा. त्यानं मला शिकवू नये.

तर उस्ताद. बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि ते असे दोघंच क्वार्टरमध्ये राहायचे. मूलबाळ नव्हतं. मागची खोली मला दिली होती आणि जेवायला मी काकूंच्या चुलीपाशी. काकू परभणीकडच्या, गोदावरीच्या काठच्या. नवराबायकोचं भांडण झालं की आम्हाला कारखान्यात कळायचं, कारण त्या दिवशी परभणीची पाटी बारीक अक्षरात निघायची. एकदा तर साहेबानं बोलावून विचारलं, "परभणी इतकं छोटं का?" उस्ताद म्हणाले, "हुजूर, आज ते गाव तेवढंच आहे."

अजून दोन सवयी सांगतो. एक, कुठलाही डबा दिसला की त्याला सगळीकडून एक फेरी मारायची, देवळाला मारतात तशी, आणि जाता जाता त्याच्या अंगावर थाप द्यायची. "कैसे हो बेटा" म्हणायचे, डब्याला. दुसरी, बुंदीचं वैर. बुंदीचा लाडू समोर आला की ताटावरून उठायचे. कुणाच्या बारशाला बुंदी असली तर तिथल्या माणसांना बाजूला घेऊन सांगायचे, "खाऊ नका. जवानीत मी खाल्ली होती. मरता मरता वाचलो." कधी, कुठं, ते सांगत नसत.

आता मजा ऐका. जन्मभर गावांची नावं लिहिणारा हा माणूस लग्न करून आला तो आला, पुन्हा स्वतः कुठंही गेलेला नव्हता. कारखान्यात सायकलीवर यायचा, सायकलीवर जायचा. गावाकडचं लग्न असलं की काकूंना एकटीला गाडीत बसवून द्यायचा. रेल्वेचा फुकट पास वर्षाला मिळायचा. तो हातात आला की घरात वाद सुरू व्हायचा, मुंबई की मद्रास? उस्ताद आज मुंबई म्हणायचे, उद्या मद्रास. पासाची मुदत संपेपर्यंत वाद चालायचा, मग ते हात झटकून म्हणायचे, "राहिलं. पुढच्या साली बघू."

मी सल्ला विचारायला गेलो तेव्हा ते ओट्यावर ब्रश धूत बसले होते.

"उस्ताद, मुंबईला बदली घेऊ का?"

"मुंबई?" त्यांनी ब्रश हवेत फिरवून ते नाव लिहिलं. "बघ, लिहिताना हात आखडतो. अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसतात. माणसं पण तशीच राहत असणार. मद्रास कसं, लांब, सुटं, पाय पसरून. पण फार पाय पसरणंही बरं नाही, माणूस सुस्त होतो."

"म्हणजे काय करू?"

"दोन्ही गावांत काही ना काही खोट आहे, हे लक्षात ठेव."

"तुम्ही पाहिलीत का?"

"हलवाई कधी पेढे खातो का, हौल्या?" हौल्या म्हणजे येडा.

आतून काकू म्हणाल्या, "हलवायाची बायको तरी खाते की!"

काकूंना गावाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना समुद्र बघायचा होता. लहानपणापासून गोदावरी पाहिलेली. महापुरातसुद्धा पलीकडचा काठ दिसायचा, झाडं दिसायची, त्यावर बसलेली माणसं दिसायची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की समुद्राला पलीकडचा काठ नसतो. तेवढं त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. "अहो, ज्या पाण्याला पल्याड नाही, ते एकदा बघू द्या मला. मुंबईचं दाखवा, नाही तर मद्रासचं दाखवा. मी काही पाण्याला त्याची जात विचारणार नाही."

आणि हे साल शेवटचं होतं. पुढच्या सालात उस्ताद रिटायर होणार होते. मग पास मिळतो की नाही, कुणी धड सांगत नव्हतं. राज्यच उलटंपालटं होत होतं तिथं पासाचं कोण सांगणार? त्या साली उस्तादांचा मागचा एक पास शिल्लक होता, एक नवा मिळाला. त्यांनी कारकुनाला मस्का लावून एक मुंबईचा करून घेतला आणि एक मद्रासचा. दोन्हींची मुदत एकाच दिवशी संपणार. म्हणजे जाणार तर एकाच गावाला, किंवा मग कुठंच नाही. काकूंनी दोन्ही पास पोलक्यात ठेवले आणि म्हणाल्या, "या खेपेला मुदत संपली तर मी माहेरी जाईन, अन् तुम्ही परभणीची पाटी मुंगीएवढी लिहा."

उस्ताद घाबरले. पण हार मानतील तर ते उस्ताद कसले. म्हणाले, "गाव निवडायचं म्हणजे सोयरीक आहे. आधी पारखून घेऊ. एक हप्ता आपण मुंबईत राहू, एक हप्ता मद्रासमध्ये. इथंच."

मला वाटलं, थट्टा करतात. सोमवारी सकाळी पाहतो तर क्वार्टरची पुढची खोली सोडून सगळीकडं कुलूप. "मुंबईत एकाच खोलीत सगळं खटलं राहतं," म्हणून मलाही माझ्या खोलीतून उचलून तिथं आणलं. चूल, बिछाने, त्यांची सायकल, रंगाचे डबे, आम्ही तिघं, सगळं एका खोलीत. जेवण उभ्यानं, कारण मुंबईला बसायला वेळ नसतो. रस्त्यात ते इतके भरभर चालायचे की मी तेवीस वर्षांचा गडी मागे पडायचो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओळख द्यायची बंद. "मुंबईत कुणी कुणाला ओळखत नाही." शेजारची तेलुगू बाई नेहमीसारखी विरजण मागायला आली. उस्ताद दारात उभे राहून म्हणाले, "आप कौन?" बाई वाटी घेऊन तशीच परत फिरली. "अय्यो, पिच्चोडु!" म्हणाली. म्हणजे वेडा आहे. काकूंनी मागच्या भिंतीवरून विरजण पोचवलं आणि वर म्हणाल्या, "वेडा नाही अम्मा, मुंबईला गेलाय."

पुढच्या हप्त्यात मद्रास. उस्तादांनी पांढरी लुंगी लावली, डोक्याला खोबरेल थापलं, आणि सकाळी कॉफी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओतायला लागले. पहिल्या दिवशी ती पायावर पडली. सकाळ, दुपार, संध्याकाळ भात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस! दोन दिवसांनी ते माझ्या खोलीत हळूच आले आणि म्हणाले, "मियाँ, तुझ्याकडं भाकरीचा तुकडा आहे का? काकूला सांगू नक्को." मी दिला. भिंतीकडं तोंड करून खाल्ला.

काकू हे सगळं बघत होत्या. रविवारी म्हणाल्या, "दोन्ही गावं घरी येऊन गेली. समुद्र कुठाय?"

उस्ताद उठले. मोठं घमेलं आणलं, पाण्यानं भरलं, त्यात मिठाचे खडे टाकले. काकूंना पाटावर बसवून त्यांचे पाय त्यात ठेवायला लावले. मग स्वतः समोर उकिडवे बसून फळीनं पाणी ढवळायला लागले आणि तोंडानं फुस्स, फुस्स असा आवाज काढायला लागले. "समुद्र म्हणजे काय? पाणी, मीठ अन् आवाज."

काकू बराच वेळ पाय बुडवून बसल्या. हसल्या नाहीत. घमेल्याकडे बघत म्हणाल्या, "पलीकडचा काठ दिसतोय मला. तिथं तुम्ही बसलाय."

ते पाणी त्यांनी अंगणातल्या पेरूला घातलं. पेरू वाळला. पण उस्तादांची फळी त्या दिवशी थांबली. म्हणाले, "ठीक आहे. निघू."

निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं. "तू वाडीपर्यंत आमच्यासंगं चल. हा माणूस मधेच कुठंतरी उतरेल." हैदराबादहून जाणाऱ्याला वाडी जंक्शनला गाडी बदलावी लागे. तिथून एक रूळ मुंबईला जातो, एक मद्रासला. उस्तादांनी ठरवलं होतं की निवड वाडीला करायची. माझीही दोन दिवसांची रजा शिल्लक होती. मनात म्हटलं, मुंबईला नाही तर मुंबईच्या रुळापर्यंत तरी जाऊन बघावं.

नामपल्ली स्टेशनात गाडीत बसलो. गाडी सुटली आणि उस्ताद बोलायचे बंद झाले. मी घाबरलो. तो माणूस झोपेतसुद्धा बोलायचा. घोंगडी तोंडावर घेऊन वरच्या फळीवर पडून राहिले. काकूंनी दशमी दिली, खाल्ली नाही. "काय झालं?" विचारलं तर घोंगडीतून आवाज आला, "विचार करतोय." विकाराबादला म्हणाले, पाणी पिऊन येतो. काकूंनी धोतराचा सोगा धरला. "सुरई भरलेली आहे." तांडूरला म्हणाले, जरा हवा खातो. काकूंनी सोगा सोडलाच नव्हता.

वाडीला उतरलो तेव्हा त्यांचं तोंड त्यांच्या रंगलेल्या कानासारखं पिवळं होतं. फलाटावर पाय टेकले आणि हळूहळू बोलणं परत आलं. "मियाँ, पहिल्या तारखेपासून ही वाडी म्हैसूर राज्यात गेली. बघ, भजी तीच, माशा त्याच. गाव जागचं न हलता दुसऱ्या राज्यात जातं, मग माणसानंच का हलावं?"

"गाव समुद्र बघायला नाही गेलं," काकू म्हणाल्या. "बसा गुमान. दोन्हीकडच्या मेल यायच्यात. जी आधी येईल ती आपली."

उस्ताद "बरं" म्हणाले. एवढ्या लवकर त्यांनी बरं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी सुरई भरायला नळावर गेलो. नळावर ही गर्दी. परत येऊन पाहतो तर बाकावर कुणी नाही. जरा पुढं बाजूच्या रुळावर एक डबा उभा होता. त्याच्या दारात उस्ताद दांडा धरून उभे, नवाबासारखे. आत काकू खिडकीशी बसलेल्या, ट्रंक, वळकटी सगळं लावून झालेलं.

"मियाँ, बघ कुणाची पाटी!"

पाटी त्यांचीच होती. पिवळ्यावर काळ्या अक्षरात मुंबई, मग एक लांब रेघ, मग मद्रास. "निवडायचं कशाला?" उस्ताद म्हणाले. "या डब्यात दोन्ही गावं आहेत."

"पण उस्ताद, गाडी कुठाय? हा एकटाच डबा आहे."

"मेल आली की मागून जोडतील. वाडीला रीतच आहे ती."

रीत होती, हे खरं. असे सुटे डबे वाडीला मेलला जोडायचे. तरी मी म्हटलं, कुणाला तरी विचारून येतो. उस्ताद चिडले. "पाटी मी लिहिली, अन् विचारणार पोर्टरला? पाटी खोटं बोलत नाही. बस!" मी बसलो. मी हट्टी आहे, पण ते माझ्याहून सवाई होते.

थोड्या वेळानं मद्रासकडे जाणारी मेल आली. थांबली, माणसं चढली उतरली, शिट्टी झाली. आमच्या डब्याला कुणी हात लावला नाही. मेल गेली. "त्या गाडीला आधीच डबे जास्त होते," उस्ताद म्हणाले. उन्हं कलली तशी मुंबईकडची आली. काकूंनी डबा उघडून आमच्या हातावर दशमी आणि लसणाची चटणी ठेवली. उस्ताद आता मजेत जेवले. डबा जागेवर उभा, वारा छान, खिडकीतून मुंबईची मेल दिसते आहे. तीही गेली.

मग डबे तपासणारा रेल्वेचा एक खलाशी हातोडी घेऊन रुळावरून आला. आम्हाला बघून थबकला. "काय अम्मा, बिमार डब्यात कामून बसलात? याचा आस खराब झालाय. हा कारखान्यात चाललाय, लालागुड्याला."

लालागुडा म्हणजे आमचाच कारखाना. मी उडी मारून डब्याच्या पलीकडच्या बाजूला गेलो. हातभर लांब खडूची फुली. बिमार डब्याची खूण. कारखान्यातला कुणीही ती डोळे मिटून ओळखेल. आम्ही फलाटाच्या बाजूनं चढलो म्हणून मला दिसली नव्हती. मी परत आत येऊन सांगितलं, "फुली आहे, उस्ताद. भली मोठी."

उस्ताद खिडकीबाहेर बघत होते. काकूंनी चटणीचा डबा बंद केला, झाकण नीट दाबलं.

"तुम्ही या डब्याला फेरी मारलीत," काकू म्हणाल्या. "हा पोरगा नळावर होता तेव्हा. मी बाकावरून बघत होते. थाप पण दिलीत, कैसे हो बेटा म्हणालात. फुली दिसली नाही होय तुम्हाला?"

उस्ताद वळकटीची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागले.

"जाणूनबुजून बसवलंत मला. दोन गाड्या गेल्या माझ्या डोळ्यादेखत. उद्याचा एक दिवस उरलाय पासाचा." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "एकदा सांगा मला. काय आहे तुमचं त्या समुद्राशी वैर?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाहेर जाऊ लागलो, तर म्हणाले, "बस. तुला पण कळू दे." मग पायाच्या अंगठ्याकडे बघत, जसं काही फार मोठं पाप सांगायचं आहे तसं, म्हणाले, "मला गाडी लागते."

"काय?"

"गाडी लागते. हलली की पोटात ढवळतं. रेल्वेचा माणूस मी. जन्मभर गाड्या रंगवल्या. ओकाऱ्या काढत कुणाला तोंड दाखवू?"

काकूंनी चटणीचा डबा बाजूला ठेवला. मग हळूच त्यांच्या लक्षात आलं. "लग्न होऊन परभणीहून आलो तेव्हा... रुखवतातल्या लाडवांनी बाधलं म्हणालात. बुंदी बाधली म्हणालात!"

"हूं."

"म्हणजे ती बुंदी नव्हती?"

"बुंदी चांगली होती," उस्ताद म्हणाले.

काकूंना हसू फुटलं. आधी तोंडावर पदर घेतला, मग तोही सुटला. "अगं बाई! बिचाऱ्या बुंदीवर केवढा आळ! लोकांच्या बारशांतून हाकलली तिला!" मीही हसलो. खलाशी बाहेरून हसत होता. त्याला काय कळलं होतं देव जाणे. हसता हसता काकू थांबल्या, डोळे पुसले. "अन् मला का नाही सांगितलं? आमच्याकडं बैलगाडी लागते पोरींना. नाकाला लिंबू धरतात, तोंड पुढं करून बसतात, झालं. एका लिंबाच्या फोडीसाठी माझा समुद्र अडवून धरला होय तुम्ही?"

उस्ताद म्हणाले, "लिंबानं थांबतं?"

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो, कारण माझी गोष्ट त्याच्या आधीच संपते. काकूंनी समुद्र पाहिला, मद्रासचा. येताना एका बाटलीत भरून आणला आणि विरजणवाल्या बाईला दाखवला. म्हणाल्या, "पलीकडचा काठ खरंच नाही. सकाळभर शोधला मी." उस्तादांना विचारलं, कसं होतं मद्रास, तर म्हणाले, "मियाँ, आपण ते नाव जरा बारीकच लिहीत होतो." रिटायर होईपर्यंत त्यांच्या पाट्यांवर मद्रास मुंबईपेक्षा मोठं निघालं. साहेबानं दोनदा बोलावलं. आणि त्यांच्या निरोपाच्या समारंभाला त्यांनी स्वतः सांगून बुंदी करायला लावली. खाल्ली मात्र नाही. म्हणाले, तिची माफी मागायची आहे, एकदम तोंडात कसं टाकू?

त्या संध्याकाळी वाडीला मात्र आम्ही ट्रंक, वळकटी उतरवून परत फलाटावर आणली आणि मुसाफिरखान्यात पडलो. उस्ताद दर थोड्या वेळानं विचारत होते, "पण आख्ख्या रस्त्याला किती लिंबं लागतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीच्या बाजारात गेलो आणि टोपीभर लिंबं घेऊन आलो. कागदी, पातळ सालीची, वासाला तेज. मी येईपर्यंत गाडी फलाटाला लागली होती. तिच्यावरही उस्तादांच्याच हातची पाटी, मुंबई, रेघ, मद्रास. उस्ताद सवयीनं वाचायला पुढं झाले, तेवढ्यात काकूंनी त्यांचा दंड धरला आणि शेजारून जाणाऱ्या पोर्टरला विचारलं, "दादा, ही कुठल्या समुद्राकडं?"

"मद्रास, अम्मा."

"चला," काकू म्हणाल्या. उस्तादांना इंजिनाकडे तोंड करून बसवलं, दोन्ही मुठींत लिंबं दिली. "डोळे मिटा. काठ संपला की मी सांगते." गाडी हलली. उस्तादांनी लिंबू नाकाला घट्ट धरलं होतं, आणि डोळे मिटलेले ठेवूनच ते ओरडले, "मियाँ, मुंबईचं काय ठरवलंस?"

गाडी लांब गेली होती, म्हणून मी जवाब दिला नाही. समोरच्या रुळावर हैदराबादची पॅसेंजर उभी होती. मी तिची पाटी नीट वाचली, डब्याला एक फेरी मारून पलीकडं फुली नाही ते बघितलं, वर एका पोर्टरला विचारून खात्री केली, आणि उरलेली लिंबं खिशात घालून बसलो.